सात नंबर जरा जास्तच वळतो

मित्रांनो, तुमचा सह्याद्री आणि मी जवळजवळ एकाच वयाचे. पृथ्वीच्या पोटातला तप्त रस वर उसळला, थिजला, आणि भर समुद्रात उभ्या असलेल्या एका डोंगराच्या रूपाने मी युगानुयुगं लाटांचे तडाखे झेलले. साम्राज्यं आली, गेली. मी जागचा हललो नाही. सध्या मी मिरना वासिलिक हिच्या स्वयंपाकघराचं मागचं दार धरून ठेवतो.

मी कर्लिंग नावाच्या, बर्फावर खेळायच्या खेळातला जुना दगड आहे. वजन बेचाळीस पौंड, डोक्यावर लाल मूठ, मुठीवर सातचा आकडा. ‘हललो नाही’ हे ऐटीत सांगितलं खरं, पण त्यात माझी मर्जी नव्हती. सहा कोटी वर्षं मला त्या डोंगरात चैन पडली नाही. सुरुंग लागला तेव्हा बाकीचे दगड हळहळले. मी म्हटलं, आलो!

कारखान्यात मला गोल कातलं आणि पोटाखाली वाटीसारखी खळगी पाडली. तेव्हापासून मी बांगडीएवढ्या कडेवर उभा आहे. असल्या पायांवर कोण स्वस्थ बसेल?

जहाजाने आणि मग आगगाडीने मी कॅनडातल्या कोव्हालिन गावी आलो. इथे हिवाळा ऑक्टोबरात येतो आणि एप्रिलात, तोही फार विनवण्या केल्यावर, जातो. गावात दोन शेड. मोठ्या शेडमध्ये बर्फावरची हॉकी. तिथे गाड्यांची रांग, भोंगे, पडलेले दात, आणि आपलं पोर एक दिवस टीव्हीवर दिसेल म्हणून भल्या पहाटे थर्मास घेऊन कुडकुडणारे आईबाप. लहान शेडमध्ये आम्ही. एकाने दगड बर्फावरून सोडायचा. दोघांनी त्याच्यापुढे झाडू घासत पळायचं, म्हणजे तो लांब आणि सरळ जातो. चौथ्याने पलीकडे रंगवलेल्या वर्तुळांपाशी उभं राहायचं. मधल्या ठिपक्याच्या सगळ्यांत जवळ ज्याचा दगड, त्याची सरशी. हॉकीची पोरं आम्हाला ‘झाडूवाले’ म्हणत. त्यांच्या आया आमच्याकडेच खेळत.

बर्फाची जबाबदारी मिरनाच्या नवऱ्याची, ओरेस्तची. पाठीला पाण्याचा डबा, हातात झारी, आणि उलटं चालत बर्फावर थेंब शिंपडत जायचं. ते गोठून बर्फाला पुरळ आलं की आम्ही त्यावरून पळायचो. एकतीस वर्षं त्याने हे केलं. भिंतीवर एक फळी होती. दरवर्षी जिंकणाऱ्या कप्तानाचं नाव तिच्यावर सोनेरी रंगात लिहीत. ओरेस्तचं नाव तिथे कधीच लागलं नाही. फळी मात्र त्यानेच टांगलेली. वाकडी झाली की सरळही तोच करायचा.

मला एक खोड होती. सगळेच दगड शेवटी थोडे वळतात. मी चार बोटं जास्त. “सात नंबरच्या पायाला भिंगरी आहे,” ओरेस्त म्हणायचा, आणि महत्त्वाच्या वेळी हटकून मलाच उचलायचा.

गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्याने जाहीर केलं, हा माझा शेवटचा हिवाळा. आणि नेमका त्याच वर्षी तो अंतिम सामन्यात पोचला. समोर शेजारच्या सेंट-ऑर्सचा गॅस्टन फेरलाँ. त्याचं नाव फळीवर अकरा वेळा. शेवटच्या फेरीत बरोबरी झालेली, फेरलाँचा दगड ठिपक्याला खेटून बसलेला, आणि उरलो होतो मी एकटा.

“हळू सोडशील तू,” मिरना झाडू सरसावत म्हणाली.

“चाळीस वर्षांत एकदा तरी म्हण, की बरोबर सोडशील!”

त्याने मला सोडलं. “झाडू! झाडू! अगं जोरात, गालिचा नाहीये तो!”

“ओरडू नकोस, बहिरी नाही मी! तुझ्याच कृपेने होईन आता!”

मी निघालो. अहाहा, मित्रांनो! एवढ्यासाठीच तर मी समुद्र सोडला होता. वर्तुळं आली, आणि पायातली भिंगरी जागी झाली. मी वळलो. वळता वळता मिरनाच्या झाडूला निसटता स्पर्श झाला. मग मी नेमका ठिपक्यावर जाऊन थांबलो.

शेडमध्ये एकच कल्लोळ. ओरेस्तने दोन्ही हात वर केले. तो स्पर्श कुणीच पाहिला नव्हता. आमच्याकडे पंच नसतो. ज्याचा झाडू लागला त्यानेच सांगायचं.

मिरना पाठ सरळ करून उभी राहिली. “लागला,” ती म्हणाली. “माझा झाडू लागला.”

कल्लोळ थांबला, आणि शेजारच्या शेडमधला हॉकीचा भोंगा ऐकू आला.

आता नियम असा, की पुढे काय करायचं ते समोरच्या कप्तानाने ठरवायचं. तो ‘राहू दे’ म्हणाला तर दगड राहतो, नाहीतर बाद. फेरलाँने टोपी काढली, डोकं खाजवलं. “आता एवढंसं लागलं म्हणून काय...”

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ओरेस्त पोचला. त्याने मला बुटाने अलगद ढकललं, वर्तुळाच्या बाहेर. “तुझा डाव, गॅस्टन,” म्हणाला आणि हात पुढे केला.

जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला पाजायची, ही इथली रीत. फेरलाँ ग्लास घेऊन आला. “ओरेस्त, मला अशी बायको असती तर फळीवर माझं नाव एकदाही लागलं नसतं.”

“तुझी बायकोही अशीच आहे,” मिरना पिरोगींवर, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्यांवर, कांदा घालत म्हणाली. “म्हणून तर तू तिच्या हातात झाडू देत नाहीस.”

खरं सांगू? झाडू त्याच्या जागी होता. मीच त्याच्याकडे गेलो. पण नियमांच्या पुस्तकात दगडाची चूक असं काही नसतंच.

पुढे क्लबने नवे दगड आणले. जुने, ज्याला हवे त्याने न्यावेत, असं ठरलं. ओरेस्तने मला उचललं आणि घरी आणून स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी ठेवलं. मी म्हटलं, आता हा सूड घेणार. दुसऱ्या दिवशी सकाळी एका हातात कॉफी घेऊन त्याने मला बुटाने ढकललं. मी गुळगुळीत फरशीवरून हातभर घसरलो, आणि वळलो.

“बघितलंस? अजून वळतो!”

मिरना केर काढत होती. तिने झाडू छातीशी धरला. “मी लांब उभी आहे. लिहून घे.”

अकरा वर्षं रोज सकाळी हेच. तीच ढकल, तेच वळण, तेच वाक्य, आणि त्यावर दोघांचं तेच हसू.

गेल्या आठवड्यात त्यांची लेक लेस्या आली. मायाळू पोर. तिने मला घासलं, पुसलं, आणि फरशीवर ओरखडे नकोत म्हणून माझ्या बुडाला रबराच्या चार चकत्या चिकटवल्या. दुसऱ्या सकाळी ओरेस्तने ढकललं. मी हललो नाही. त्याने पुन्हा ढकललं. मग तो कॉफी घेऊन बाहेर गेला. मिरना झाडू छातीशी धरून तशीच उभी राहिली.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असं इथे मी सांगायला हवं. माझी मात्र नका घेऊ. कुणाला लेस्या भेटलीच, तर त्या चार चकत्या तेवढ्या काढायला सांगा. आणि काढताना झाडू जरा लांब ठेव म्हणावं.