पोपटांच्या साखळ्या

शहरावरचा इंग्रजांचा मार्शल लॉ उठल्याच्या दुसऱ्या वर्षी सिदूने अक्कलकोट नाक्यापलीकडे स्वतःचं घर बांधलं. त्याचा बाप सांगोल्याच्या माळावर मेंढरांमागे हिंडत मेला होता. सिदूने मेंढरं विकली, घोंगड्यांचा व्यापार धरला आणि त्यात त्याचा जम बसला. दगडी भिंती, पुढे सोपा, आत माजघर आणि वर मातीचं माळवद, असं घर उभं राहिलं. मग सिदू एकेक वस्तू आणू लागला. लोखंडी खाट आली, भिंतीवरचं घड्याळ आलं, जपानी कपबश्या आल्या. प्रत्येक वस्तू बायकोपुढे ठेवून तो म्हणे, "बघ केरे, कोरं हाय. आपल्या आदी कुणी हात लावल्याला न्हाय."

केराबाई वस्तू पुसून जागेवर ठेवी. तिला त्यांचं वाईट वाटत नव्हतं, पण फार काही वाटतही नव्हतं. सोपा मात्र अजून रिकामा होता, आणि त्यात काय ठेवावं हे दोघांनाही सुचत नव्हतं.

एकदा ती गळका हंडा घेऊन मंगळवार पेठेत चांदसाबच्या दुकानी गेली. चांदसाब जुनी तांब्यापितळेची भांडी घेई आणि ढीग मोठा झाला की ती मोड भट्टीला पाठवी. हंडा तराजूत पडेपर्यंत केराबाई ढिगाकडे बघत उभी होती. चेपलेल्या परातीखालून एक पितळी पोपट डोकावत होता. त्याची चोच अर्धी तुटलेली होती.

तिने परात बाजूला सारली. पोपटाच्या पाठीवरच्या कडीत एक लांब सळी अडकवलेली होती, सळीला हत्ती, हत्तीनंतर पुन्हा सळी, मग घोडेस्वार. झोपाळ्याची साखळी होती ती. तिच्याखाली दुसरी होती.

"हात काळे हुतील, केराबाई," चांदसाब म्हणाला. "वो भट्टीका माल है. उद्या जानार."

"कुठनं आल्या ह्या?"

"शुक्रवार पेठेतनं. भीमाशंकर शेटचा पोरगा टाकून गेला. दोनच हायेत. भावाभावांची वाटनी झाली ना, तवा दोन साखळ्या थोरल्याला, दोन धाकट्याला. दोन साखळ्यांवर झोपाळा कसा टांगायचा? पन वाटनी म्हंजे वाटनी."

केराबाईने तुटक्या चोचीवर अंगठा फिरवला. ती चोच कशी तुटली हे तिला ठाऊक होतं, कारण त्या वेळी ती तिथेच उभी होती. लहानपणी दुष्काळात बापाने तिला शुक्रवार पेठेतल्या त्या घरी कामाला ठेवलं होतं. घरची मालकीण दाक्षायणीअव्वा दुपारी झोपाळ्यावर पान खात बसे आणि केरा भिंतीला टेकून दोरीने तिला झोका देई. दर सणाला चिंच लावून साखळ्या घासण्याचं कामही तिचंच होतं. एक पोपट असाच घासताना तिच्या हातून फरशीवर पडला होता.

"ह्या भट्टीला घालू नगा," ती म्हणाली. "मला द्या."

"दोन साखळ्या घेऊन काय करनार?"

"दोन आनखी आननार."

चांदसाब हसला, पण तिने पदर खोचलेला बघून त्याने साखळ्या बाजूला काढल्या. केराबाईने पैसे विचारलेच नाहीत. ती घरी गेली आणि सिदूने दिवाळीला आणलेली नवी कोरी पितळी घागर आणि तसलंच तपेलं घेऊन परत आली. पितळेला पितळ, वजनाला वजन. चांदसाबने तराजू धरला आणि साखळ्या पोत्यात बांधून दिल्या.

संध्याकाळी सिदूने सोप्यात ते काळं पडलेलं ओझं पाहिलं आणि तो कपाळाला हात लावून बसला.

"जल्मभर जुनं वापरलं म्या," तो म्हणाला. "बाचं पटकं, बाचं पायतान. दुसऱ्याचं घासून घासून झिजल्यालं. आता कुटं नवं बघतोय, आन् तू नवी घागर घालून मोड आनलीस? झोपाळा पायजे व्हय? तांबटाला सांगतो, नवा करून दील."

"नव्या झोपाळ्याला म्या झोका दिल्याला न्हाय," केराबाई म्हणाली.

सिदूला ते कळलं नाही आणि तिनेही समजावलं नाही.

भीमाशंकर शेटचा धाकटा भाऊ गुंडाप्पा वाटणीनंतर अक्कलकोटाकडच्या शेतावर राहायला गेला होता. केराबाईने पॅसेंजर धरली, अक्कलकोट रोडला उतरली आणि मिळेल त्या बैलगाडीने त्याच्या गावी पोचली. गुंडाप्पाने तिला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर मात्र त्याच्या भुवया वर गेल्या.

"केरा? आमच्याकडं भांडी घासायची ती?"

"व्हय, मालक."

त्याची बायको निंगव्वा गूळपाणी घेऊन आली. आत पाळणा होता आणि पाळण्यात त्यांच्या लेकीचं तान्हं मूल झोपलेलं होतं. पाळण्याच्या दोन्ही टोकांना पोपटांच्या साखळ्या होत्या. केराबाईने ते पाहिलं आणि वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं तिच्या ओठांतच राहिलं. झोपलेल्या लेकराच्या पाळण्याची साखळी कशी मागायची?

तरी तिने सांगितलं. थोरल्यांच्या दोन साखळ्या मोडीत सापडल्या, ह्या दोन मिळाल्या तर झोपाळा पुरा होईल.

गुंडाप्पाचा चेहरा लाल झाला. "मोडीत घातल्या त्यानं? घालू दे. माझ्या वाटणीचं माझ्या घरात राहील. त्याच्या साखळीशेजारी माझी साखळी टांगायची नाही. आणि तुला कशाला गं झोपाळा?"

त्याचा आवाज चढला तसं मूल दचकून उठलं. निंगव्वाने पाळणा हलवला. साखळ्या कणकण वाजल्या आणि मूल आणखीच रडायला लागलं.

"हेच बघ नेहमी," निंगव्वा वैतागून म्हणाली. "झोका दिला की वाजतंय, वाजलं की कूसू उठतंय. लेकरू उठलं की परत झोका."

केराबाईने हात जोडले आणि ती निघाली. परतीच्या गाडीत तिच्या डोक्यात साखळ्यांपेक्षा तो कणकण आवाजच घोळत होता.

ती रिकाम्या हाताने आली, आणि साखळ्या तान्ह्याच्या पाळण्याला आहेत, वाजून पोराला उठवतात, हे तिने सांगितलं, तेव्हा सिदू म्हणाला, "झालं समाधान? त्या लोकांच्या दारात कशाला गेलीस? काय ठेवलंय त्या झोपाळ्यात?"

तेव्हा तिने सांगितलं. एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच.

"येकदा अव्वा देवळात गेली हुती. म्या फळीवर बसले. जरा. पाय बी हालवलं न्हाईत. तवर ती आली. रागावली न्हाय, मारलं न्हाय. कळशीभर पानी आनाय लावलं आन् माज्याच हातानं फळी धुवून घेतली. मग वाळंपर्यंत उभी ऱ्हायली आन् मगच बसली." ती थोडी थांबली. "नव्या झोपाळ्यावर कुनी बी बसल. मला त्याच्यावर बसायचंय."

सिदू उठून कोठीत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात बकऱ्याच्या काळ्या केसांचा भारा होता, विकायला काढलेल्यातला सगळ्यात लांब आणि चांगला.

"आल्या आल्या म्हनालीस न्हवं, साखळ्या वाजत्यात म्हून?" तो म्हणाला. "त्येंच्या पाळन्याला केसाचा दोर दे, वाजत न्हाय. तुटत बी न्हाय. माजा बा ह्याच्यानं खोंड बांधायचा."

केराबाईने तो भारा घेतला आणि त्याच दुपारपासून पिळायला बसली. नुसता केसांचा दोर लेकराला टोचेल, म्हणून तिने वरून मऊ पांढऱ्या लोकरीचा गोफ विणला. काळ्याभोर दोरावर पांढरी वेल चढत गेली. मधेच तिला वाटे, गुंडाप्पा पुन्हा हाकलून देईल. वाटलं की ती दोर आणखी आवळून पिळे.

दोर विणून होईपर्यंत सिदूने दुसरा प्रश्न काढला. माळवदाची तुळई झोका सोसेल का? केराबाईने शिडी लावली, सिदूला वर चढवून तुळईला दोर टाकायला लावला आणि ज्वारीची दोन भरली पोती दोघांनी मिळून त्याला टांगली. मग तिने ती पोती ढकलायला सुरुवात केली. पोती हेलकावत होती, वरून थोडी माती गळत होती, आणि सिदू दाराच्या चौकटीला धरून बघत होता. तुळई हलली नाही.

"आता मला सांगा, ही मोडल का?"

"न्हाय मोडनार बाई," सिदू म्हणाला. "घर पडंल, पन तू न्हाय मोडायचीस."

दुसऱ्या खेपेला ती गेली तेव्हा गुंडाप्पा शेतात होता. निंगव्वाने दोर हातात घेतला, गालाला लावून पाहिला.

"हे कुणी केलं गं?"

"म्या. येकदा टांगून बगा, अक्का. पोराला झोप लागली न्हाय तर म्या दोर हितंच टाकून जाते, साखळ्या मागनार न्हाय."

दोघींनी मिळून साखळ्या उतरवल्या आणि दोर चढवले. निंगव्वाने पाळणा हलवला. आवाज नाही. मूल डोळे उघडून वरच्या पांढऱ्या वेलीकडे बघत राहिलं आणि बघता बघता झोपलं. निंगव्वाही तिथेच भिंतीला टेकली. कित्येक दिवसांनी तिला बसायला सापडलं होतं.

गुंडाप्पा आला तेव्हा साखळ्या पोत्यात गेल्या होत्या.

"माझ्या वाटणीचं तू कोण देणार?" तो बायकोवर ओरडला.

"हळू," निंगव्वा म्हणाली. "कूसू रडलं की रात्री उठतंय कोण? तुम्ही की मी? उठायची वाटणी करा आधी, मग साखळ्यांची बोला."

गुंडाप्पा पाळण्याजवळ गेला. दोर ओढून बघितला, मुलाकडे बघितलं. मग तो वळला.

"एक कबूल कर," तो केराबाईला म्हणाला. "भीमाशंकरला त्या झोपाळ्यावर बसवायचं नाही."

केराबाईच्या तोंडात 'व्हय' आलं होतं. हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण ती म्हणाली, "मालक, झोपाळा माज्या सोप्यात असनार. कुनाला बसवायचं ते म्या ठरवीन. तुमाला बी येऊ वाटलं तर या."

गुंडाप्पाने केराबाईकडे नीट बघितलं, बहुधा पहिल्यांदाच. मग त्याने पोतं उचललं, स्वतः नेऊन गाडीत ठेवलं आणि गाडीवानाला म्हणाला, "सावकाश ने. वाटेत आपटू नको."

जुनी फळी कुठे गेली हे कोणालाच माहीत नव्हतं. केराबाईला तिची हळहळही वाटली नाही. लाकडाच्या वखारीत एक जुन्या दाराची झडप होती, शिसवी, कडीच्या जागी भोक पडलेली. ती तिला आवडली. सुताराने भोकात लाकडाचा गट्टू बसवून तासून दिला आणि चार कोपऱ्यांना कड्या ठोकल्या. चिंच, राख आणि नारळाची शेंडी घेऊन केराबाईने चारही साखळ्या घासल्या. मोडीतल्या दोन फार काळ्या होत्या, त्या उजळायला वेळ लागला. नंतरही त्या पाळण्याच्या साखळ्यांपेक्षा थोड्या गडदच राहिल्या. तिने गडद दोन डावीकडे लावल्या आणि उजळ दोन उजवीकडे. सोप्याच्या पांढऱ्या भिंतीपुढे पोपट, हत्ती आणि घोडेस्वार ओळीने लोंबू लागले, आणि त्यांच्या शेजारी सिदूची लोखंडी खाट एकदम उघडी वाटायला लागली. तिच्यावर केराबाईने आपल्या सासूची जुनी, काठ विरलेली घोंगडी घडी घालून टाकली.

"बस," सिदू म्हणाला. "म्या झोका देतो."

केराबाई बसली. पाय वर घेतले. सिदूने हळूच ढकललं. एक झोका गेला, दुसरा गेला, आणि तिला गरगरलं. सोपा फिरला. तिने साखळी घट्ट धरली आणि ओरडली, "थांबवा, थांबवा!" उतरून ती ओट्यावर डोकं धरून बसली. सिदूला हसू आवरेना. नंतर तिलाही आवरेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली.

"येवढा आटापिटा केलास आन् सोसत न्हाय तुला!"

"सोसंल," केराबाई म्हणाली. "सवय न्हाय म्हून तसं हुतंय."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसली. थोडंच, पाय जमिनीला टेकवून. मग रोज. आधी डोळे मिटून, मग समोरच्या बाभळीकडे नजर लावून. दिवाळी होईपर्यंत ती झोका घेता घेता चाती फिरवून लोकर कातायला लागली, आणि सूत तुटत नव्हतं.

सिदू म्हणायचा, जुन्या वस्तूवर मी बसणार नाही. पण एकदा बाजारातून दमून आला आणि जरा टेकतो म्हणून झोपाळ्यावर आडवा झाला, तो तिथेच घोरायला लागला. त्यानंतर घोंगड्यांचे व्यापारीसुद्धा खाटेवर न बसता तिथेच बसू लागले. उन्हं कलली की केराबाई कामं उरकून सोप्यात येई आणि नवऱ्याच्या खांद्याला हात लावी.

"उठा," ती म्हणे. "आता माजी येळ हाय."

आणि सिदू कुरकुरत उठून आपल्या कोऱ्या खाटेवर जाऊन पडे.