लागेल ते

चष्म्याच्या दुकानात तिला सगळे ‘घंटी’ म्हणायचे. सायकलवर बसली की रिकाम्या रस्त्यावरही घंटी वाजवत यायची, म्हणून. सायकलस्वारांना विमा सक्तीचा करणार, अशी बातमी आली तेव्हा मालक म्हणाले, “उद्या चपलांनाही विमा मागतील.” सगळ्यांत जास्त तीच हसली होती.

त्यानंतर पंधरवड्यातच वळणावर एक शिंपी फुटपाथवरून खाली उतरला आणि तिचं चाक त्याच्यावर गेलं. उजव्या मनगटाचा चुरा झाला. तो कण्हत होता, शेजारी त्याची थोरली बहीण उभी. घंटी सायकल टाकून त्याच्यापाशी बसली. “लागेल ते करीन मी,” ती म्हणाली. “देवाशपथ करीन.”

पतपेढीतून कर्ज काढून ती त्यांच्या घरी गेली, तर बहिणीने पाकीट हळूच परत सरकवलं. “पैसे घेतले की विषय मिटतो, बाई. माझ्या भावाच्या हाताचं दुखणं मिटलंय का? तुम्ही शब्द दिलाय.”

दुकानात मालक हळहळले. “विमा असता तर कंपनीची माणसं आली असती, आकडा ठरला असता, तू मोकळी झाली असतीस. तू तर आकड्याशिवायच बोलून बसलीस.”

तेव्हापासून रोज दुकान सुटलं की ती शिंप्याकडे जायची. तो बसून सांगायचा, ती कापड बेतायची, काजं करायची. ती आत आली की बहीण दाराला कडी घालायची. आवाज कधी चढवायची नाही. “दमलात का? थोडंच राहिलंय,” असं म्हणत आणखी एक गठ्ठा पुढ्यात ठेवायची.

प्लास्टर निघालं, पण बोटं वळेनात. एकदा बहीण आत गेलेली पाहून शिंपी पुटपुटला, “येऊ नका आता. मी लहान असताना तिने सेवा करून मला आजारातून उठवलं, तेव्हा मीही तिला असाच शब्द दिला होता. लग्नसुद्धा करू दिलं नाही तिने मला.”

दुसऱ्या दिवशी घंटी गेली नाही. शब्द मोडल्याची बोच घेऊन, एकही घंटी न वाजवता घरी आली. स्वयंपाकघरात शिंप्याची बहीण बसली होती. घंटीच्या लेकीचा हात तिने आपल्या हातात घेतला होता आणि एकेक बोट चाचपून पाहत होती.

“आई, या मावशी मला शिवण शिकवणार आहेत,” लेक म्हणाली. “कॉलेज सुटल्यावर. फुकट.”

“बोटं छान आहेत,” बहीण म्हणाली. “तुमची आता थकलीत. हिची पुष्कळ वर्षं चालतील.”

घंटी पुढे झाली. तिने लेकीचा हात सोडवून घेतला. “शब्द माझा होता. तिचा नाही.”

“मी कुठे नाही म्हणते?” बहीण हसली. “पण काम तर पडून राहतंय. तुम्ही सकाळपासून आलात, तर हिला कशाला त्रास देऊ?”

“दुकान सोडावं लागेल.”

“ते तुमचं तुम्ही बघा.”

घंटी लेकीच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. मग म्हणाली, “सकाळी येते. तुम्ही या घराची पायरी पुन्हा चढायची नाही.”

“नाही चढणार. तुम्ही येत राहिलात तर कशाला चढू?”

बहीण उठली, पदर सारखा केला आणि दारात जाऊन चपला घालू लागली. लेक एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती.

“पण आई, किती दिवस?”

घंटीने बहिणीकडे पाहिलं. बहीण वाकून चपलेचा पट्टा लावत होती. तिने मान वर केली नाही.