पुढची सीट

आमच्या जोडसायकलवर पुढे कोण बसणार, हा प्रश्न आमच्या संसारात कधी आलाच नाही. हे बस ड्रायव्हर. ज्याच्या हातात जन्मभर स्टिअरिंग, तो घरच्या सायकलवर मागे बसेल होय? हँडल, ब्रेक, घंटी सगळं यांच्याकडे. माझ्या वाट्याला धरायला एक दांडा आणि बघायला यांची पाठ. सुट्टी आली की नदीकाठच्या सायकलवाटेने थेट मुखापर्यंत, नदी समुद्राला मिळते तिथल्या बाकापर्यंत जायचं आणि परत यायचं. हे पुढून ओरडायचे, "खड्डा!", "डावीकडे!", "चढ आलाय, जोर लाव!" मी तशी कलायचे, जोर लावायचे आणि बाकी वेळ चिखलातले बगळे बघायचे. पुढचा रस्ता मी कधी पाहिलाच नाही. गरजच काय होती?

मग यांचे डोळे गेले. हळूहळू, दोन्ही. उजेड आहे की अंधार, एवढंच कळायला लागलं. हे खिडकीशी खुर्ची टाकून बसून राहिले. भांडेनातसुद्धा. मी घरी शाळांचे गणवेश शिवते. मशीनवर मान घालून तो गप्प माणूस किती सहन करायचा? एक दिवस कात्री ठेवली आणि म्हटलं, "उठा. सायकल काढू. पुढे मी बसते."

चिरंजीवांनी कपाळाला हात लावला. "आई, तू कधी हँडल धरलंयस का?"

"शिकेन."

"या वयात?"

"मग कोणत्या? मागचं वय आणून दे, त्यात शिकते."

शिकले. घरामागच्या मैदानात, मागची सीट रिकामी ठेवून, शेजारणीला पोटभर हसू देऊन. गुडघे फुटले, कुंपण वाकलं, पण शिकले. तेव्हा चिरंजीवांनी अट घातली. एकदा मुखापर्यंत जाऊन दाखवा. स्वतः जायचं, स्वतः यायचं. वाटेत कुणाचीही मदत घ्यावी लागली, तर ही जोडसायकल गावातल्या सायकल-क्लबला देऊन टाकायची आणि विषय बंद. हे म्हणाले, "कबूल." किती दिवसांनी आवाज असा ठणठणीत निघाला होता! ही सायकल घरातून जाऊ द्यायची नाही, हे मी तेव्हाच ठरवलं.

निघालो तेव्हा ओहोटी होती. नदी पार मध्यावर सरकलेली, दोन्ही काठांना ओला काळा चिखल आणि त्यात लांब चोचींचे पक्षी. मला त्यांच्याकडे बघायला फुरसत नव्हती. हँडलवर बोटं पांढरी पडली होती. मागून हे सांगत होते, "आता फळ्यांचा पूल येईल." आणि चाकाखाली फळ्या खडखडायच्या. "आता लव्हाळ्यांचा वास येईल." यायचाच. खुर्चीतला माणूस कुठल्या कुठे गेला होता. मला इतकं बरं वाटत होतं की मी मान हलवून नुसती ऐकत राहिले.

इथेच घोळ झाला. पुढच्या वळणावरचा बांध नदीने गेल्या वर्षी खाल्ला होता आणि वाट डावीकडून नवी काढली होती. बातमी यांना मीच वाचून दाखवली होती. हे सवयीने ओरडले, "उजवीकडे!" समोर लाल फळी आडवी लावलेली मला दिसली, अगदी स्वच्छ दिसली. मी तिला वळसा घातला आणि उजवीकडे गेले.

पुढचं चाक आसापर्यंत रुतलं. मी हातांवर पडले, हे गुडघ्यापर्यंत चिखलात.

"तुम्ही ओरडलात कशाला?" मी कडाडले.

"तू ऐकलंस कशाला? डोळे तर तुझे उघडे होते!"

रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला, स्वतःचाच. तेवढ्यात भरती लागली. चिखलातल्या चरांमधून पाणी गुपचूप आमच्याकडे यायला लागलं. वरून एक जोडपं सायकलवरून चाललं होतं, ते थांबलं. "काकू, येऊ का खाली? काढू बाहेर?"

मी यांच्याकडे पाहिलं. हे मान वळवून माझ्या आवाजाची वाट बघत होते. हो म्हटलं असतं तर मी उद्या मशीनवर आणि हे खिडकीशी.

"नको," मी म्हटलं. "तुम्ही व्हा पुढे."

वर चढले, ती लाल फळी उपसली आणि चाकाखाली खुपसली. हे म्हणाले, "नुसती ओढू नको, हलव आधी. चिखल सोडतो मग." यांनी मागून रेटलं, मी पुढून खेचलं. पाणी घोट्याला लागलं. दोनदा सायकल परत घसरली आणि दोनदा मी चिखलाला नको नको ते बोलले. तिसऱ्यांदा ती सुटली. यांचा एक बूट मात्र चिखलानेच ठेवून घेतला. फळी मी होती तिथे परत लावली.

"आता घरी?" यांनी हळूच विचारलं.

"घरी कशाला? बाक पुढे आहे. आणि आजपासून ओरडायचं मी. तुम्ही पेडल मारा."

"मग मी मागे बसून करू काय?"

"मी इतकी वर्षं काय केलं? बगळे बघितले. तुम्ही ऐका."

हे मोठ्याने हसले.

बाकावर फार वेळ बसलो नाही. यांचा अनवाणी पाय गार पडला होता. मी ओढणीने पुसला, तेवढंच. परतताना मी घसा बसेपर्यंत ओरडत होते आणि हे बिनबोभाट कलत होते. चिखलाचा वास आला तसे हे पुढे वाकले. मग मागून आवाज आला, "वळण आलं का गं?"

या माणसाने मला जन्मात कधी रस्ता विचारला नव्हता.

"आलं," मी म्हटलं. "उजवीकडे कला."

फाटकाशी चिरंजीव उभेच होते. आमचे चिखलाने भरलेले कपडे, यांचा उघडा पाय, सगळं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि रस्त्यावर कुणाची गाडी दिसते का ते शोधायला लागले.

"बाबा, खरं सांगा. कुणी आणून सोडलं तुम्हाला?"

हे सीटवरून उतरले, चाचपत पुढे आले आणि हँडलवरच्या माझ्या हातावर हात ठेवला.

"हिने."