रात्रीचा संच

"आपण तंबूत राहायला चाललोय, की तिथे जाऊन एखादं बारकंसं ऑपरेशन उरकायचंय?" दारात उभ्या राहिलेल्या नवऱ्याने विचारलं.

सिस्टरने मान वर केली नाही. बेडरूमच्या फरशीवर तिने जुनी हिरवी चादर अंथरली होती आणि तिच्यावर तीन ओळींत सामान मांडलं होतं. अकरा वर्षं ती ऑपरेशन थिएटरात काम करत होती. शेजारीपाजारी तिला सिस्टर म्हणत, सासरचे सिस्टर म्हणत, आणि कधी लाडात आला की नवराही. थिएटरातली शिस्त तिच्या हातात मुरली होती. आधी लागणार ते वर, शेवटी लागणार ते तळाशी. आणि प्रत्येक गाठोड्यावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा, त्यावर आत काय आहे त्याची नोंद. पट्टी नसलेल्या गाठोड्याला तिथे कुणी हात लावत नसे.

"हसा," ती म्हणाली. "थंडी वरून नाही येत, खालून येते. एकदा पाठ गार पडली की मग वर चार गोधड्या घ्या. म्हणून माणशी दोन चटया."

"आणि ह्या उशा?"

"फुगवायच्या. मान अवघडली की दिवसभर कोण कण्हणार? मी?"

"अगं, पण उशीला अभ्रा? रानात? माझ्या बहिणीला कळलं तर वर्षभर पुरवून पुरवून हसेल ती."

"पहिल्यांदा चाललोय ना आपण? मग सुखाने झोपू दे की सगळ्यांना."

नवरा लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होता. लोक मधल्या मजल्यावर अडकले की त्यांच्याशी बाहेरून गप्पा मारत बसायची त्याला सवय. तो तिच्याशेजारी मांडी घालून बसला आणि शेवटच्या ओळीतल्या टोकाच्या गाठोड्याकडे बोट करून हळूच म्हणाला, "झालं हे?"

"झालं."

ते गोटीचं होतं. गोटी, त्यांची लेक, नऊ वर्षांची. शाळा बदलल्यापासून, म्हणजे चार महिन्यांपासून, ती आठवड्यातून दोनदा तरी अंथरूण ओलं करायला लागली होती. आपोआप थांबेल, डॉक्टर म्हणाले होते. डॉक्टर सोडले तर या घरातल्या तिघांखेरीज कुणाला ते ठाऊक नव्हतं. आत्या दरवर्षी तळ्याकाठी तंबू ठोकायची; यंदा तिने यांनाही आग्रह केला, तेव्हा गोटी सरळ म्हणाली होती, "मी नाही येणार." मग सिस्टरने सगळी योजना आखली. झोपायच्या पिशवीत आतून रबरी चादर. पहाटे चारला सिस्टर उठवणार, दिवा न लावता कपडे बदलणार, ओलं सगळं बंद पिशवीत. दोघींनी डोळे मिटून त्याची तालीमसुद्धा केली होती.

"आणि लंबूला कळलं तर?" गोटीने विचारलं होतं. लंबू म्हणजे आत्याची मुलगी, तेरा वर्षांची, ताडमाड. गोटीचा तिच्यावर जीव होता. ती जसे केस बांधेल तसेच हिला हवे असत.

"नाही कळणार," सिस्टर म्हणाली होती. एवढ्या शब्दावर पोरगी तयार झाली होती.

जिन्यात धाडधाड पावलं वाजली. "मामी, आई म्हणतेय गाडी लावलीय खाली, सामान द्या!" म्हणत लंबूच आत आली. मांडलेलं सामान बघून ती खो खो हसली. "अय्या, मामी! दुकान मांडलंय की काय!" आणि एकेक गाठोडं उचलून, स्टेशनवर गाडीची घोषणा करतात तशा आवाजात वाचायला लागली. "मोजे, जोड सहा! टॉर्च दोन, सेल नवे! डास मलम, चटका मलम, काटा काढायचा चिमटा! रात्रीचा संच… रबरी चादर एक, पायजमे तीन, पुसायचं कापड, ओल्याची पिशवी…"

आवाज शेवटी शेवटी बारीक होत गेला.

गोटी पाण्याची बाटली घेऊन दारात उभी होती. तिने नजर वर छताकडे लावली होती. सिस्टरला ती नजर ओळखीची होती. भूल द्यायच्या आधी टेबलावरचं माणूस असंच वर बघतं.

"ते आईचं आहे," गोटी म्हणाली.

नवरा उठून खिडकीशी गेला आणि धडधाकट असलेली कडी उघडझाप करून बघायला लागला.

"हो, माझंच," सिस्टर म्हणाली. आवाज अगदी रोजचा. "गोटीच्या वेळचं बाळंतपण जड गेलं ना. तेव्हापासून होतं असं कधीकधी."

लंबूचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "सॉरी, मामी. मला नव्हतं…"

"सॉरी कशाला? दुखणंच ते. ठेव ते खाली, आणि तू आपली चटया ने."

लंबू चटया कवटाळून गेली, मागोमाग नवरा उशा घेऊन. दोघीच उरल्या.

"पट्टी कशाला लावलीस?" गोटीने विचारलं.

"लावली गेली गं. हात आपले लावत जातात."

"बघायचंस ना पण."

"चुकलं माझं."

गोटी जवळ येऊन चादरीच्या कडेला बसली. "आता ती आत्याला सांगेल."

"सांगेल."

"आणि आत्या सगळ्यांना."

"आत्या काय, रस्त्यात गाडी थांबवून सांगेल."

गोटीला हसू आलं, पण ते अर्ध्यावरच राहिलं. "तुला काहीच नाही वाटणार?"

नाही म्हणावं असं सिस्टरच्या ओठावर आलं होतं. सासरी कुणाला शिंक आली तरी तिला फोन यायचा. सिस्टर सांगेल तेच औषध. ती कधी आजारी पडत नाही अशी सगळ्यांची समजूत होती, आणि तिने ती मोडू दिली नव्हती.

"वाटेल थोडं," ती म्हणाली. आणि पट्टी सोलायला तिने नख लावलं.

"नको काढूस!" गोटीने तिचा हात धरला. "आता काढलीस तर तिला कळेल ना खरं काय ते." मग तिने पेन उचललं, जीभ बाहेर काढून पट्टीच्या उरलेल्या जागेत 'आई' असं लिहिलं, आणि गाठोडं स्वतःच काखेत मारून खाली निघाली.

खाली आत्याने सिस्टरला गाडीच्या मागे ओढलं. "वहिनी, कमाल आहे तुमची! मला नाही का सांगायचं? इतकी वर्षं एकट्या सोसताय. आता तंबूत तुम्ही दाराशीच झोपायचं, मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. अंधारात कुणाला ओलांडून जायला नको."

"बरं," सिस्टर म्हणाली.

"आणि लाजायचं नाही हं."

"नाही."

गाडीत लंबू आधीच बसली होती. गोटी तिच्याशेजारी चढली, गाठोडं मांडीवर घेतलं आणि बजावून म्हणाली, "माझ्या आईला हसायचं नाही."

"मी कुठे हसतेय?"

"नंतरपण नाही."

"नाही हसणार, बाई."

पुढून आत्याने हाक दिली, "सरका गं जरा, वहिनींना दाराशी बसू दे. वाटेत कुठे उतरावं लागलं तर." मुली सरकल्या. नवऱ्याने पुढच्या सीटवरून मागे वळून पाहिलं आणि पुन्हा समोर बघितलं. सिस्टर आत बसली. सगळे आपल्यासाठी अंग चोरून बसलेत हे तिला दिसत होतं. तिने पदर आवरला, गुडघे जवळ घेतले आणि म्हणाली, "बास बास, पुरे एवढी जागा."