स्टिअरिंगताईचा मामा

मी मामा बोलतोय. सख्खा कुणाचाच नाही, पण या कॉलेजात दरवर्षी मला नवी भाचरं मिळतात. आजवर प्रत्येकानं माझ्या तोंडात हवा फुंकली. आज माझं तोंड मी स्वतःहून उघडतोय.

मी सरावाचा पुतळा आहे. वर रबराची कातडी, आत प्लास्टिकच्या बरगड्या, त्यांच्याखाली जाड स्प्रिंग, मानेत बोटाला लागेल अशी नाडी, आणि यंत्र जोडलं की श्वासासारखी वरखाली होणारी छाती. छाती नीट खोल दाबली की आतून 'टक्' असा आवाज येतो. दाब कमी पडला तर मी गप्प. जगात खोटं कौतुक करणारे पुष्कळ आहेत, मला मात्र ते जमत नाही. माझी घडणच तशी नाही.

आमचं हे कम्युनिटी कॉलेज म्हणजे पोट सांभाळून शिकणाऱ्यांचं कॉलेज. दिवसा कुणी दुकानात, कुणी गोदामात, आणि संध्याकाळी वर्गात. मी ज्या खोलीत पडून असतो, तिथे पॅरामेडिकची पदवी शिकवतात. छातीत कळ आली, अपघात झाला, गाडीतच बाळंतपणाची वेळ आली, तर दवाखान्याच्या दारापर्यंत माणसाला जगवून न्यायची विद्या.

मला खोक्यातून बाहेर काढलं त्या दिवशी कुणीतरी विचारलं, "सर, ह्यांना म्हणायचं काय?"

आमचे सर पूर्वी स्वतः अँब्युलन्सवर होते. ते म्हणाले, "ह्याच्यासमोर तुम्ही वाटेल तेवढ्या चुका करणार, आणि हा घरी कुणाला सांगणार नाही. असं माणूस घराण्यात एकच असतं. मामा."

लोक एकमेकांना मामा बनवतात. मला तर कारखान्यानंच बनवून पाठवलं.

माणसांची गंमत मी आडवा पडल्या पडल्या पाहत आलोय. पहिल्या दिवशी माझ्या छातीला हात लावताना सगळे "सॉरी हं" म्हणतात. महिनाभरात तीच मंडळी माझ्या पोटावर दप्तरं ठेवतात. परीक्षा जवळ आली की पुन्हा आदर वाढतो. एक जण तर पेपरच्या सकाळी माझ्या पाया पडून गेला होता. माझ्या पायांवर काही शिकवत नाहीत, पण बरं वाटलं.

आणि मग एका वर्षी ती आली.

चाळिशी ओलांडलेली, केसांचा घट्ट अंबाडा, हात दणकट. ती अँब्युलन्स चालवायची. वर्गातल्या पोरांनी तिचं नाव ठेवलं स्टिअरिंगताई, आणि तिनं ते हसून घेतलं. सरांनी विचारलं, "गाडी इतकी छान चालवता, मग हे कशाला?"

ती म्हणाली, "सर, मागून हाका येतात. हळू घ्या, जोरात घ्या, थांबा. मी तसं करते. आरशात मला सगळं दिसतं. पण आरशात हात घालता येत नाही ना. मला मागे बसायचंय."

सर एवढंच म्हणाले, "या."

तिचा पहिला दाब मला अजून आठवतो. टक्. दुसरा, टक्. भल्याभल्यांना महिना लागतो. सलाईनची सुई असो, घशातली नळी असो, तिचे हात एकदा शिकले की विसरत नसत. औषधांची मात्रा तिला जड जायची. मग ती माझ्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसायची आणि मला पाठ म्हणून दाखवायची. चुकली की स्वतःच्याच कपाळावर टिचकी मारायची. असं करत करत सगळ्या लेखी पेपरांत ती पास झाली. हृदयाचे आलेख तर ती भाजी निवडावी तसे भराभर वाचायची.

राहिली होती फक्त शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा. ती साधी नसते. बाहेरून परीक्षक येतात. मी रोगी होतो. चौघांची तुकडी असते आणि ज्याची परीक्षा आहे तो तिचा म्होरक्या. म्होरक्यानं स्वतः हात घालायचा नसतो. बघायचं, ठरवायचं आणि बाकीच्यांना सांगायचं.

ताईनं सगळं स्वतःच केलं. ऑक्सिजन लावला, सुई टोचली, छाती दाबली. काम चोख, पण तोंडातून शब्द नाही. मदतीला दिलेली तीन पोरं भिंतीला लागून उभी होती, लग्नात ओळख नसलेल्या पाहुण्यांसारखी.

परीक्षक बाईंनी पेन बंद केलं. "हात फार सुरेख आहेत तुमचे. पण गाडीत तुम्ही एकाच वेळी किती ठिकाणी पुरणार? आज इथे सांगणारं कुणीच नव्हतं."

नापास. पुन्हा बसायची संधी एकदाच मिळते. तीही गेली तर अख्खं वर्ष पुन्हा, आणि अँब्युलन्सच्या नोकरीवरून मिळालेली रजा संपत आलेली. सगळे गेल्यावर ती माझ्याजवळ बसली. रडली नाही. माझा विस्कटलेला सदरा नीट केला आणि म्हणाली, "मामा, मला सांगता येत नाही हो कुणाला."

सर दारात उभे होते. ते म्हणाले, "शनिवार-रविवार मामांना घरी घेऊन जा. परत आणाल तेव्हा कान जागेवर असू द्या म्हणजे झालं."

अशी माझी आयुष्यातली पहिली सहल झाली. तिनं मला गाडीत मागच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला. सिग्नलला शेजारच्या गाडीतल्या गृहस्थांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मी डोलावली नाही. शिष्ट समजले असतील मला.

घरी तिचे यजमान होते, घड्याळं दुरुस्त करणारे, मोजकं बोलणारे. आणि सासूबाई. त्या शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेल्या. पाठ अजून ताठ आणि आवाज असा, की नुसतं "चहा झाला" म्हणाल्या तरी माणूस उभा राहावा.

मला सतरंजीवर निजवलं. यजमान मदतनीस झाले. सासूबाई खुर्चीत बसून बघत होत्या.

ताई म्हणाली, "कुणीतरी जरा ऑक्सिजन लावता का?"

"कुणीतरी म्हणजे कोण?" सासूबाईंनी विचारलं.

"हे आहेत ना, आई."

"मग त्याला सांग. कुणीतरी नावाचा मुलगा माझ्या कुठल्याच वर्गात नव्हता."

यजमान हसले. ताई नाही हसली. ती म्हणाली, "मला लाज वाटते, आई. आपण कोण सांगणारे, असं होतं. आयुष्यभर दुसऱ्यानं सांगितलेलं ऐकलंय."

सासूबाईंनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाल्या, "तू या घरात आलीस तेव्हापासून हळू बोलतेस. मला ते आवडायचं. मी चारचौघींत सांगायचे, आमची सून किती शांत. आता वाटतं, तुला बोलायला कुणी जागाच दिली नाही. त्यात मीही आलेच."

"तसं नाही हो, आई."

"तसंच आहे. आता मला हुकूम दे."

"तुम्हाला?"

"मला देता आला तर जगात कुणालाही देता येईल."

यजमानांनी डोळ्यावर तसंच राहून गेलेलं घड्याळदुरुस्तीचं भिंग काढलं आणि ते बघत राहिले. ताई म्हणाली, "आई, तुम्ही डोक्याशी बसा. दोन्ही हातांनी डोकं धरा. मान हलू देऊ नका."

सासूबाई उठल्या. गुडघ्यांनी कुरकुर केली, ती मलासुद्धा ऐकू आली. त्या खाली बसल्या, माझं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "डोकं धरलं. मान हलत नाही. पुढे बोल."

त्या घरात असं काही याआधी घडलं नसावं. ताईचा पुढचा हुकूम आपोआप आला, त्याच्यापुढचा आणखी मोठ्यानं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत यजमानांची दमछाक झाली होती. ते म्हणाले, "हिला पास करा कुणीतरी." आणि लगेच आईकडे बघून जीभ चावली.

परीक्षेचा दिवस आला. परीक्षक बाई त्याच. सर पडद्याआडून माझा आवाज काढत होते, मी धाप लागलेला रोगी. ताई माझ्या पायाशी उभी राहिली, हात मागे बांधून.

"तू, चष्मा. ऑक्सिजन."

"ऑक्सिजन लावला, ताई," चष्मेवाला पोरगा म्हणाला.

"उंच, तू सुई. झाली की मला सांग."

सुरेख चाललं होतं. आणि एकाएकी मला जोडलेल्या यंत्रावरची हृदयाची रेघ सरळ झाली. एकदम सपाट. यंत्र एकसुरी कोकलायला लागलं. हे परीक्षेत ठरलेलं नव्हतं. पडद्याआड सर गोंधळले, त्यांचा आवाज बंद पडला. परीक्षक बाईसुद्धा खुर्चीतून अर्ध्या उठल्या. चष्म्यानं झेप घेतली आणि दोन्ही तळवे माझ्या छातीवर टेकवले.

"थांब," ताई म्हणाली.

आवाज पोटातून आला होता. चष्मा जागच्या जागी थिजला.

"यंत्राला काय विचारतोस? मामांना विचार. मानेला हात लाव. नाडी आहे का?"

त्यानं बोटं टेकवली. माझी नाडी बिचारी इमानानं उडत होती. "आहे, ताई."

"छाती हलतेय का?"

"हलतेय."

"मग माणूस जिवंत आहे, वायर मेली असेल. उंच, डावीकडची वायर बघ."

वायर निसटली होती. लावली, आणि रेघ पुन्हा डोंगर-दऱ्या काढत धावू लागली. ताईनं वळूनही पाहिलं नाही. पुढचं औषध कुणी द्यायचं ते ती सांगत होती.

संपल्यावर परीक्षक बाई तिच्याजवळ आल्या. "मी थांबवणार होते परीक्षा. तुम्ही सावकाश श्वास घेतलात म्हणून मीही घेतला." मग माझ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, "हे जगलेत. तुम्हीही पास आहात."

माझ्या आत स्प्रिंग आहे, हृदय नाही, हे मला ठाऊक आहे. तरी त्या दिवशी आत काहीतरी टक् झालं, आणि छातीला कुणाचा हात लागलेला नव्हता.

पदवीदानाला मला कोण नेणार? पण समारंभ संपल्यावर काळा झगा घातलेली ताई घरच्यांना घेऊन थेट आमच्या खोलीत आली. यजमानांनी फोटो काढायला कॅमेरा उघडला. सासूबाईंनी पदवीची गुंडाळी हातात घेतली, चष्मा लावून ताईचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं. मग गुंडाळी तिच्या हातात देऊन म्हणाल्या, "आमची सून." शांत-बिंत मुळीच म्हणाल्या नाहीत.

तेव्हापासून ताई मागे बसते. आता मी बराच थकलोय. रबर पिवळं पडलंय, एक बरगडी सैल आहे. पदवीच्या वर्गासाठी डोळे मिचकावणारा, घाम येणारा नवा पुतळा आलाय. मला सकाळच्या वर्गात हलवलंय, जिथे रस्त्यावरची साधी माणसं छाती दाबायला शिकतात. तो वर्ग सुट्टीच्या दिवशी ताई घेते.

मागच्या आठवड्यात एक जोडपं आलं. नवरा बारीक झालेला, जपून चालणारा. बायकोनं ताईचे हात धरले आणि सोडेचना. ताईनं वर्गात सांगितलेला माणूस तो हाच, हे मला त्यावरूनच कळलं. कचेरीच्या जिन्यावर हा माणूस कोसळला होता, आणि ताईच्या तुकडीनं त्याला परत आणलं होतं.

तो गुडघे टेकून माझ्याशेजारी बसला. बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग विचारलं, "माझ्यावरही असंच केलंत?"

"असंच. दोन बरगड्या मोडल्या तुमच्या."

"त्या जुळल्या," तो म्हणाला.

त्यानं एक हात स्वतःच्या छातीवर ठेवला, थोडा वेळ तिथेच राहू दिला. मग दोन्ही तळवे एकावर एक ठेवून माझी छाती दाबली. कमी पडला दाब. मी गप्प राहिलो. बायको म्हणाली, "अहो, आणखी जोरात." त्यानं दम घेतला, खांदे पुढे आणले आणि पुन्हा दाबलं.

टक्.

वाचकहो, माझी छाती अजून बरेच दाब सोसेल. रस्त्यानं जाता-येता कधी कॉलेजचं दार उघडं दिसलं तर आत या. भाचरांना मामाकडे यायला आमंत्रण लागत नाही.