उजव्या पायातले डावे हाड

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. सभागृहात खुर्च्या तीनशे वीस. रिकामी एकही नाही. व्यासपीठावर अस्थिमहाराजांनी अक्कांच्या प्लास्टरमधल्या उजव्या पायावर रेशमी वस्त्र पसरले, डोळे मिटले आणि वस्त्राखालून नडगीचे पांढरेशुभ्र, अखंड हाड बाहेर काढले.

"आई, आत तुझं हाड जुळलं! ही त्याची सावली. उशाशी ठेव. आता कशाला हवी सुरी न् कशाला हवेत स्क्रू?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेवटच्या रांगेतल्या मास्तरांनी तेवढ्या वाजवल्या नाहीत. तंत्रनिकेतनात आयुष्यभर ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेले मास्तर हे अक्कांचे धाकटे भाऊ. शस्त्रक्रिया आठवड्याभरात झाली नाही, तर हाड वाकडे जुळेल आणि अक्का जन्मभर लंगडतील, असे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते. अक्कांनी मात्र साफ नकार दिला होता.

"अक्का, हे थोतांड आहे," घरी पोहोचल्यावर मास्तर म्हणाले.

अक्कांनी बंद खिडकीकडे पाहिले. यजमान गेल्यापासून त्या घरात दुसरा आवाज नव्हता.

"असेल. पण तिथं रोज कुणीतरी विचारतं, जेवलात का म्हणून. तूही विचारतोस, रविवारी."

दुसऱ्या दिवशी ते हाड पिशवीत घालून मास्तरांनी थेट इस्पितळ गाठले.

डॉक्टरीणबाईंनी हाडावरून नख फिरवले. बारीक, समांतर रेघा लागल्या. "प्लॅस्टिक. थरावर थर चढवून छापलेलं. आम्हीही छापतो की!" त्यांनी कपाटातून अक्कांच्याच मोडक्या हाडाची प्रतिकृती काढली. "आधी यावर धातूची पट्टी बसवून पाहायची, मगच पायाला हात लावायचा. त्यासाठीच दोन्ही पायांचा स्कॅन केला. चांगल्या पायाची आरशातली प्रतिमा छापली, की मोडक्याचा मूळ आकार मिळतो. पण स्कॅन त्यांच्याकडे कसा गेला?"

"महाराजांनी स्कॅनची सीडी 'शुद्धीसाठी' तीन दिवस ठेवून घेतली होती."

बाईंनी हाड उलटसुलट फिरवले आणि त्या हसू लागल्या. "मास्तर, महाराज आरसा विसरले!"

बुधवारी सभागृहात मास्तर उभे राहिले. "मंडळी, घोट्याच्या आतल्या बाजूचा उंचवटा चाचपा. तो नडगीच्या हाडाचाच भाग. आता हे पाहा." त्यांनी हाडाची धार समोर ठेवून ते अक्कांच्या उजव्या नडगीवर धरले. उंचवटा आला बाहेरच्या बाजूला! "हे डाव्या पायाचं हाड आहे. जे मोडलंच नव्हतं, त्याचीच नक्कल."

महाराज गडगडले, "देवाघरी डावं-उजवं नसतं, मास्तर!"

"नसेल. चपलेत असतं."

मागून कुणीतरी खुदकन हसले. तेवढ्यात चाकाच्या खुर्चीतून अक्कांनी हात लांबवून महाराजांच्या हातातले रेशमी वस्त्र ओढले, अस्तर उलटले आणि आत शिवलेला लांब खिसा सगळ्यांसमोर धरला. बाहेर पडताना, रोज जेवणाची चौकशी करणाऱ्या बायकांनी त्यांच्याकडे पाठ फिरवली.

इस्पितळात दाखल होताना अक्का म्हणाल्या, "खोटं होतं, ते कळलं रे. पण आता कोण येणार?"

"मी. रोज."

"डबा आणशील?"

"आणीन. चव मात्र माझ्या हातची."

"मग लवकर बरं व्हायलाच हवं," अक्का म्हणाल्या आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसल्या.

वाचकहो, छापण्याचे यंत्र दोन्हीकडे एकच होते. एकीने ते कसे चालते हे समजावून सांगितले. दुसऱ्याने त्यावर रेशीम पांघरले. जिथे 'कसे?' विचारण्याची मनाई असते, तिथे आपले हाडच काय, नखही सोपवू नका. आणि शेजारच्या एकट्या माणसाला जेवलात का, हे महाराजांच्या आधी आपण विचारा.

शस्त्रक्रिया शुक्रवारी झाली. सहा महिन्यांनी दोन्ही पाय मोजले. लांबीतला फरक: दोन मिलिमीटर. चालताना तो दिसतही नाही.