तिच्या दातांची सवत

मी कात्री बोलतेय. स्वयंपाकघरात पाकिटं फोडत फिरते ती दांडगी नव्हे, आणि शिंप्याच्या टेबलावर ऐसपैस पसरलेली असते ती धिप्पाडही नव्हे. मी भरतकामाची कात्री, तळहातात मावेन एवढीच. माझी मूठ बगळ्याच्या आकाराची आहे आणि माझी दोन पाती म्हणजे त्याची चोच. मी देखणी आहे, हे मी म्हणत नाही, ज्यांनी ज्यांनी मला पाहिलं त्यांनीच म्हटलंय. स्वभावानं मात्र मी जळकी आहे. हे मलाच सांगावं लागतंय, कारण दुसऱ्या कुणाला त्याचा पत्ताच नाही.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. आत यंत्रांची घरघर आणि हवेत लोखंडाचा वास. एका म्हाताऱ्या धारवाल्यानं माझी दोन पाती एका स्क्रूनं जोडली आणि नुसत्या टोकानं ओल्या रेशमाचा धागा कापून पाहिला. ओलं रेशीम टोकानं कापणं ही आमच्यातली सगळ्यात अवघड परीक्षा. मी एका फटक्यात पास झाले. "जा, सुखी राहा," तो म्हणाला. असं तो प्रत्येकीलाच म्हणायचा, पण तेव्हा मला वाटलं, हे खास माझ्यासाठीच आहे.

दुकानात मी काचेच्या कपाटात होते. एका थंडीत तिथे एक घड्याळजी आला. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस, सडपातळ, जाड काळा कोट घातलेला. त्यानं मला कानाशी धरलं आणि हळूच उघडमीट केली. दुकानदार म्हणाला, "साहेब, कात्री ऐकून घेतात होय?"

"दोन्ही पात्यांचा मिळून एकच आवाज आला पाहिजे," घड्याळजी म्हणाला. "बायकोसाठी घेतोय. दातानं दोरा तोडते. उद्या दात पडले तर मला नावं ठेवेल."

म्हणजे बघा, मला घरी नेलं गेलं तेच मुळी दातांच्या जागी. माझी नेमणूकच तशी होती.

वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या, रस्त्याकडे उघडणारी खिडकी आणि खिडकीखाली एक शेगडी. थंडी पडली की घड्याळजीची बायको तिथे खुर्ची ओढायची. मी तिला आमची बाई म्हणते. मांडीवर जुनी शाल, पाय शेगडीजवळ, काचेवर वाफ धरलेली आणि बाहेर रस्त्यावरची माणसं मान खांद्यात घालून लगबगीनं चाललेली. अशा दिवशी आमची बाई जगातली सगळ्यात सुखी बाई असायची. चहाचा कप गार होऊन जायचा, पण तिचा टाका चुकायचा नाही. उशीच्या अभ्र्यावर साखळीटाक्याचे वेल चढायचे, रुमालाच्या कोपऱ्यात गाठीच्या टाक्याची बारीक फुलं यायची, आणि ती सूर ना ताल असं काहीतरी गुणगुणत राहायची.

मला पाहून ती हरखली. "अय्या, बगळा!" म्हणाली. मला तिनं बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवलं. त्यात बिस्किटं सोडून सगळं होतं: दोऱ्यांची रिळं, सुयांची उशी, बटणांची डबी. वेल संपत आला. तिनं गाठ मारली. मी श्वास रोखून पडले होते. आता हात येणार, आता मला उचलणार.

तिनं मान खाली घातली, अभ्रा तोंडाजवळ नेला आणि कट्! दातानं दोरा तोडला.

मी तिच्यापासून वीतभर अंतरावर होते हो.

"अगं, समोर कात्री आहे ना?" घड्याळजी म्हणाला.

"आहे की. पण ती उचला, बोटं घाला, उघडा. तेवढ्यात माझे चार टाके होतात."

"नाकासमोर तर आहे."

"आणि दात नाकाच्या खाली आहेत. जवळ कोण?"

यावर तो हसला. मी हसले नाही. त्या दिवसापासून ते दात माझ्या डोळ्यांत खुपायला लागले. पुढचे दोन, जरा मोठे, मधे किंचित फट असलेले. त्यातल्या डाव्या दाताला दोरे तोडून तोडून एक बारीक खाच पडली. दोरा बरोब्बर त्या खाचेत जाऊन बसायचा. घड्याळजीनं एकदा भिंग लावून ती खाच पाहिली आणि म्हणाला, "काय सुरेख झिजलीय गं! आमच्या चाकांना असा दाता पाडायचा तर अख्खा दिवस जातो." ज्यानं मला आणलं तो माणूसच असा फितूर झाला! माझा नुसता तिळपापड झाला.

बरं, मला दुसऱ्या कुणी हात लावावा तर तेही नाही. घड्याळजीनं एकदा मला वापरून मिशी कातरली, तर बाईनं घर डोक्यावर घेतलं. लेकीनं शाळेचा रंगीत कागद कापायला मला उचललं, तर तिच्या हातातून मला ओढून घेतलं. "भरतकामाची कात्री आहे ती! हात लावायचा नाही कुणी!" अहो बाई, मग भरतकाम कुठाय? स्वतः वापरायचं नाही आणि दुसऱ्यालाही वापरू द्यायचं नाही, ही कुठली रीत? चांगल्या कात्रीचं, चांगल्या कपबशांचं आणि चांगल्या चादरीचं माणसं असंच करतात. जपून ठेवलं म्हणजे मान दिला, असं त्यांना वाटतं.

तुम्ही म्हणाल, दोरा तर तोडायचा, त्यात एवढं जळण्यासारखं काय आहे? सांगते. दोरा तोडताना ती मान झुकवायची. तिचा गाल कापडाला लागायचा. तिचा ऊबदार श्वास त्या वेलाला, त्या फुलाला मिळायचा. प्रत्येक काम हातावेगळं होताना तिच्या तोंडाशी जाऊन यायचं. मी थंड लोखंड. मला तोच श्वास हवा होता.

सगळ्यात जास्त मी जळले ती कोटाच्या बटणावरून.

घड्याळजीच्या काळ्या कोटाचं वरून दुसरं बटण थंडीत हटकून सैल व्हायचं. कामावर निघायच्या वेळी तो खिडकीशी येऊन उभा राहायचा. "अगं, हे बटण बघ ना. लोंबतंय."

"पुन्हा? कसला मेला हा कोट, बटणं धरवत नाहीत याला! काढू नका, गारठा आहे. घालूनच उभे राहा."

मग ती त्याच्या छातीशी उभी राहून बटण लावायची. तो हनुवटी वर करून छताकडे बघत राहायचा. शेवटची गाठ बसली की ती पुढे झुकायची, कपाळ त्याच्या कोटाला टेकायचं आणि कट्! बटणाशी दोरा आखूड असतो, पुढच्या दातांशिवाय तो तुटत नाही. कट् झाल्यावरही ती लगेच बाजूला व्हायची नाही. मला वापरलं असतं तर ती हातभर लांबूनच मोकळी झाली असती. तेवढंही कळण्याइतकी मी शहाणी होते, आणि म्हणूनच जास्त जळत होते.

आणि ते बटण सैल कसं व्हायचं, ठाऊक आहे? माझ्यामुळे. सकाळी बाई चहा टाकायला आत गेली की घड्याळजी हळूच डब्याचं झाकण उघडायचा. डोळ्याला भिंग लावायचा, मला उचलायचा आणि बटणाखालचे दोरे एकेक करून कापायचा. शेवटचा एक पदर तेवढा ठेवायचा. घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग हाताळणारा हात तो, कापडाला ओरखडाही यायचा नाही. मग मला पुसून जागच्या जागी ठेवायचा आणि खिडकीशी जाऊन उभा राहायचा, साळसूद.

म्हणजे या घरात मला दोऱ्याचं खरं काम मिळालं ते एवढंच. तेही कुणासाठी? माझ्या सवतीसाठी! मी कापायचं आणि लाड व्हायचे दातांचे.

लेक मोठी झाली, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली. शेगडी गेली, हीटर आला. मग एका हिवाळ्याआधी घड्याळजी गेले. आजारी होते थोडे दिवस. त्यांचा कोट दारामागच्या खुंटीवर राहिला. बाई त्याला ब्रश मारायची, खांदे झटकायची, पण खुंटीवरून काढायची नाही. ते बटण घट्ट होतं. सैल करणारंच कुणी नव्हतं ना.

त्यानंतर बाईचा दात पडला. इतकी वर्षं दोरे तोडले तेव्हा त्याला काही झालं नाही, टोस्टच्या कडेनं घात केला. खाचेचा तोच डावा दात. बाईनं आरशात पाहिलं आणि एकटीच हसली. दात धुतला, पुसला आणि बटणांच्या डबीत टाकला. म्हणजे माझ्या शेजारी! त्या दिवशी मला इतका आनंद झाला की काय सांगू. म्हटलं, आता कुठे जाशील?

पण बाई दाढेनं दोरा तोडायला लागली. तोंड वाकडं करून, डोळा बारीक करून. दाढ! एक वेळ पुढचे दात सोसले असते, निदान दिसायला तरी बरे होते.

या हिवाळ्यात एक दिवस फार गारठा पडला. रस्ते रिकामे आणि खिडकीची काच धूसर. बाई हीटरपाशी पडद्याच्या कडेला वेल काढत बसली होती. लेक आली ती कुडकुडत. हाताची घडी घालून म्हणाली, "आई, माझा कोट धुवायला टाकलाय. बाबांचा घालून जाऊ?"

बाईची सुई थांबली. मला वाटलं, नाही म्हणेल. "घाल," ती म्हणाली. "नुसता लटकून काय करतोय तिथे?"

लेकीनं कोट घातला. तो तिला खांद्यात जरा मोठा होता. बटणं लावायला गेली तर दुसरं बटण हातात आलं. यावेळी मी काही केलं नव्हतं, दोराच जुना झाला होता.

"राहू दे आई, मी घरी जाऊन लावते."

"काढू नकोस. गारठा आहे. घालूनच उभी राहा," बाई म्हणाली.

तिनं बटण लावलं. गाठ मारली. आणि सवयीनं पुढे झुकली, कपाळ कोटाला टेकलं. पण कट् आवाज आलाच नाही. दात तर डबीत होता, आणि तिथे दाढ पोहोचत नव्हती. बाई तशीच राहिली. बराच वेळ. तिचे खांदे हलायला लागले, तेव्हा लेकीनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"आई? कात्री देऊ का?"

बाईनं मान डोलावली. लेकीनं डब्यातून मला काढून तिच्या हातात दिलं. मी बर्फासारखी गार होते. बाईनं मला तोंडाशी नेलं आणि "हाऽऽ" करून माझ्यावर श्वास सोडला. एकदा, पुन्हा एकदा. माझी चोच वाफेनं पांढरी झाली. मग तिनं दोरा कापला. ज्याच्यासाठी मी जन्मभर जळले तो श्वास मला मिळाला, आणि मी रडत होते की हसत होते, ते मलाच कळेना.

डोळे पुसून बाई म्हणाली, "तुझे बाबा या कात्रीनं बटणाचा दोरा कापून ठेवायचे. मुद्दाम. त्यांना वाटायचं, मला कळत नाही."

"काय सांगतेस! तुला कसं कळलं?"

"झिजून तुटलेल्या दोऱ्याचं टोक पिंजारतं. कापलेल्याचं साफ असतं. पहिल्याच वेळी कळलं होतं मला."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"बोलले असते तर बटण तुटायचं थांबलं असतं ना!"

मी डब्यात परत गेले, पण चैन पडेना. म्हणजे माझं टोक ती दरवेळी ओळखत होती. मी केलेलं काम ती बोटात धरून पाहत होती आणि मगच सुईत दोरा घालत होती. बरं वाटलं. शेजारच्या दाताला ऐकू जाईल इतक्या जोरात बरं वाटलं.

काही दिवसांनी लेक पुन्हा आली. कोट अंगात होता. दारातूनच म्हणाली, "आई, बटण लोंबतंय गं परत."

बाईनं तिला खिडकीशी नेलं. बटण एका पदरावर लटकत होतं. बाकीच्या दोऱ्यांची टोकं साफ. बाईनं लेकीकडे पाहिलं. लेक हनुवटी वर करून छताकडे बघत होती.

"कसला मेला हा कोट," बाई म्हणाली, "बटणं धरवत नाहीत याला!"

आणि मी? माझं पुन्हा सुरू झालं. लेकीच्या घरी कुठली कात्री आहे? कुणी कापलं ते? धार बरी दिसत होती मेलीची. बगळ्याची असेल का? नसेल. नसावी.

मी आता म्हातारी झालेय. स्क्रू ढिला आहे, तो पिळणारा हात राहिला नाही, आणि दोन पात्यांचे दोन आवाज येतात. तुमच्या घरीही डब्यात एखादी चांगली कात्री जपून ठेवलेली असेल. तिला बाहेर काढा हो. मान नको आम्हाला, काम द्या.

बाईला आता दिसतंही कमी, त्यामुळे दोरा कापायलासुद्धा तिला तोंड अगदी जवळ न्यावं लागतं. लेक पुन्हा आली त्या दिवशीही तिनं माझ्यावर श्वास सोडला, कपाळ कोटाला टेकवलं आणि ओठांपाशी मला धरून दोरा कापला. कापून झाल्यावरही आम्ही दोघी लगेच बाजूला झालो नाही. तेवढं त्या बटणांच्या डबीचं झाकण कुणीतरी उघडं ठेवायला हवं होतं, आतल्या दातालाही दिसलं असतं.